पबमध्ये न पिता गाडी चालवणाऱ्याकडून सॉफ्ट ड्रिंकचे पैसे घ्यावेत का?

स्टिअरिंगवाली (पुणे):

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. आमचा हिंजवडीतला ऑफिसचा ग्रुप आहे, पगार झाला की कधी बालेवाडी हाय स्ट्रीट, कधी कोरेगाव पार्क असं बसणं होतं. मी पीत नाही त्यामुळे चावी आपसूक माझ्याकडे येते आणि सगळ्यांना घरपोच सोडायचं कामही माझं. त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, उलट सगळे आपापल्या दारात उतरले की मला बरं वाटतं.

पण परवाचं बिल बघून खरंच वाईट वाटलं. हॅपी अवर्स चालू होते, बिअरवर एकावर एक, म्हणजे ३८० चा पाइंट १९० ला पडला. माझं व्हर्जिन मोहितो (बिनदारूचं मॉकटेल) ३४० ला, त्यावर ऑफर नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं साधा फ्रेश लाइम सोडा द्या, तर तो २१०. म्हणजे त्या टेबलावर सगळ्यात स्वस्त ग्लास बिअरचा होता आणि जी सगळ्यांना घेऊन जाणार तिचा ग्लास त्याच्यापेक्षा महाग. मॅनेजरला विचारलं तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम ऑफर लिकरवरच असते.

तर प्रश्न असा की जो त्या रात्री गाडी चालवणार आहे त्याला पबने सॉफ्ट ड्रिंक फुकट द्यावं का? मॉकटेल नका देऊ, कोला, सोडा, लिंबूपाणी एवढंच. बाहेरच्या देशात कसं असतं? आणि पबच्या लाइनीतलं कुणी इथे असेल तर प्लीज मोकळेपणाने सांगा.

तात्या_कोथरूड:

माझं मत थोडं वेगळं आहे ताई, राग मानू नका. पब हा धंदा आहे. तुम्ही तीन तास खुर्ची, एसी, म्युझिक सगळं वापरता, तिथलं भाडं काय असतं ते बालेवाडीत कुणालाही विचारा. तुमची काळजी घ्यायची ती तुमच्या ग्रुपने, पबने का म्हणून घ्यायची? आमच्या ग्रुपात पहिल्यापासून नियम आहे, काँट्री काढताना गाडी चालवणाऱ्याला वगळायचं. त्याचं जेवण, त्याचा सोडा, पेट्रोल, पार्किंग सगळं बाकीच्यांवर. टीटीएमएम वगैरे असल्या बाबतीत चालत नाही. जो तुमचा जीव सांभाळून घरी नेतोय त्याच्याकडून २१० रुपये काढून घेणारे मित्र असतील तर आधी त्यांच्याशी बोला, मॅनेजरशी नंतर.

स्टिअरिंगवाली:

तात्या, मुद्दा पटला आणि माझे मित्र तसे वाईट नाहीत हो, बिल सगळ्यांत सारखं वाटून घेतो त्यामुळे खरं तर मीच त्यांच्या बिअरचे पैसे देत असते, ते मात्र यापुढे बोलणार आहे. पण माझा प्रश्न फक्त माझ्या २१० रुपयांचा नाहीये. आमच्यात एक जण आहे जो थोडी घेतो. एखादे दिवशी मी नसले आणि चावी त्याच्याकडे आली तर मेनू बघून त्याला काय वाटेल? सोड्यापेक्षा बिअर स्वस्त आहे तर एक घेऊ, काय होतंय. ही जी ‘एक घेऊ’ आहे ना तिची मला भीती वाटते. भाव असा ठेवायचा की माणूस आपोआप दारूकडे वळेल आणि मग भिंतीवर डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्हचं स्टिकर लावायचं, हे मला पटत नाही.

गल्ल्यावरचा:

मी बरीच वर्षं या लाइनीत आहे, आधी अंधेरीला, आता पुण्यात, फ्लोअर मॅनेजर. ताई तुमचं गणित बरोबर आहे, ते असं का होतं ते सांगतो.

हॅपी अवर्सचा सगळा भार पब स्वतःच्या खिशातून उचलत नाही. दारूच्या कंपन्या स्कीम देतात, इतक्या पेट्या उचलल्या की इतक्या फुकट, त्यातून एकावर एक निघतं. मॉकटेलला अशी स्कीम कोण देणार? शिवाय मॉकटेलला बारटेंडरचा वेळ कॉकटेलएवढाच जातो, पुदिना कुटा, लिंबू पिळा, बर्फ फोडा, ग्लास सजवा, त्यामुळे त्याचा भाव मी एक वेळ समजू शकतो. पण मशीनमधला कोला, ज्याला आम्ही फाउंटन म्हणतो, त्यात असतं काय तर सिरप, गॅसचं पाणी आणि अर्धा ग्लास बर्फ. साध्या सोड्यात तर सिरपही नाही. मेनूवर जो भाव लिहितो त्याच्या मानाने खर्च किरकोळ आहे. टेबलामागे एका माणसाला ते फुकट दिलं म्हणून कुठलाही पब बुडणार नाही हे मी गल्ल्यावर उभं राहून सांगतो. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या लिकरवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, तेव्हापासून मालक लोक खाण्यातून आणि सॉफ्ट ड्रिंकमधून मार्जिन काढायला बघतात, हेही एक कारण आहे.

मग देत का नाहीत? पहिली भीती ही की टेबलावरचे सहाच्या सहा म्हणणार मीच ड्रायव्हर. दुसरी, फुकटचा कोला घेऊन त्यात बाहेरून आणलेली क्वार्टर ओतणारे असतात. खोटं नाही सांगत, बंद करताना टॉयलेटच्या फ्लशच्या टाकीमागे रिकाम्या क्वार्टर सापडतात. तिसरं, वेटरच्या डोक्यावर टेबलामागे बिल किती याचं टार्गेट असतं, तो फुकटचा सोडा आठवणीने का आणून देईल.

यावर तोडगा आहे. एका ठिकाणी आम्ही थर्टी फर्स्टला करून बघितलं होतं. व्हॅलेचं, म्हणजे गाडी घेऊन पार्क करून देणाऱ्यांचं, टोकन ज्याच्या नावावर त्याच्या मनगटाला हिरवा बँड. बँडवाल्याला कोला, सोडा, लाइम वॉटर हवं तेवढं, पण दारू द्यायची नाही. त्याने पेग मागितलाच तर बँड कापायचा आणि तेव्हाच व्हॅलेवाल्याला टोकन नंबर कळवायचा, म्हणजे निघताना चावी त्याच्या हातात जाणार नाही, ग्रुपमधलं दुसरं न प्यालेलं कुणीतरी नाहीतर कॉलवरचा ड्रायव्हर. दोघा-तिघांनी हुज्जत घातली, एकाने तर मला बरंच ऐकवलं, पण रात्र नीट पार पडली. पुढे ते चालू राहिलं नाही कारण व्हॅलेचा ठेका दुसऱ्याकडे होता आणि त्यांना चावी अडवून ठेवायची जबाबदारी नको होती. फुकटच्या कोल्याचा हिशेब नंतर केला तर तो त्या रात्रीच्या फुटलेल्या ग्लासांपेक्षा कमी निघाला.

लीड्सवाली_मावशी:

बाहेरचं विचारलंय म्हणून लिहिते. मी लीड्सला असते, मुलं इथलीच. इथे ख्रिसमसच्या दिवसांत कोका-कोलाने डेझिग्नेटेड ड्रायव्हर मोहीम चालवलेली आहे, त्यात बऱ्याच पब्समध्ये गाडी चालवणाऱ्याला एका ड्रिंकवर दुसरं फुकट मिळायचं. एरवी वर्षभर तसं काही बंधन नाही, पैसे पडतातच, आणि काही पब्समध्ये कोल्याचा ग्लास बिअरच्या मानाने महाग वाटतो ही कुरकुर इथेही ऐकू येते. पण एक गोष्ट मात्र कायद्याने आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० पासून पबच्या लायसन्सची अटच आहे की गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यायचं. कुणी तोंड वाकडं करत नाही, पाण्याचा जग भरून, बर्फ घालून देतात.

न पिणारा एक जण आधीच ठरवायचा ही पद्धत मुळात स्कँडिनेव्हियातली. अमेरिकेत १९८८ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी टीव्हीवाल्यांना हाताशी धरून ती मालिकांच्या संवादांत घातली आणि घराघरात पोचवली. बेल्जियममध्ये १९९५ पासून बॉब नावाची मोहीम आहे, आज बॉब कोण असं तिथे टेबलावर सरळ विचारतात म्हणे आणि ज्याची पाळी असेल तो सांगतो. मला यातलं आवडतं ते हे की न पिणारा माणूस कोपऱ्यात पडत नाही, त्याला टेबलावर मान असतो. आपल्याकडे न पिणाऱ्याला ‘अरे घे रे थोडी, काय बायकोला घाबरतोस’ हे ऐकावं लागतं, ते जास्त जाचतं.

इथली मर्यादा भारतापेक्षा बरीच सैल आहे हेही सांगते. इंग्लंडमध्ये १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली. भारतात ३० आहे ना?

कलम_वाचणारा:

हो मावशी, ३० च. मोटार वाहन कायदा, कलम १८५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर १५ हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय गाडी ठोकली आणि रक्तात दारू निघाली की स्वतःच्या गाडीचा क्लेम विमा कंपनी नाकारते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

भावाबद्दल बोलायचं तर कायद्याने पब २१० ला सोडा विकू शकतो. सीलबंद पाण्याच्या बाटलीवरसुद्धा हॉटेलवाले एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय, कारण तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही मिळते. त्यामुळे ग्राहक म्हणून ओरडून उपयोग नाही. करायचं असेल तर मावशींनी सांगितलं तसं परवान्यातच अट घालावी लागेल. एफएल-३ चा, म्हणजे परमिट रूमचा, परवाना उत्पादन शुल्क खातं देतं, त्याला आधीच ढीगभर अटी आहेत, वेळेची अट, वयाची अट, रजिस्टरची अट. त्यात आणखी एक ओळ, न पिणाऱ्याला पिण्याचं पाणी आणि साधा सोडा मोफत. यात सरकारचा एक रुपया महसूल बुडत नाही.

कॅज्युअल्टी_ड्युटी:

मी सरकारी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट आहे. शनिवारची नाइट असली की रात्री एक ते चार आमच्याकडे काय येतं ते इथे फार लिहीत नाही. पण दोन गोष्टी पोटतिडकीने सांगायच्यात.

एक, ‘मी फक्त एकच घेतली’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. आपल्याकडची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. साठ किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी ३३० मिलीचा एकच पाइंट लवकर संपवला तर तेवढ्यानेही रक्तातलं प्रमाण ३० च्या वर जाऊ शकतं. आणि ते उतरतं तासाला साधारण १५ या वेगाने, लिव्हर तिच्या गतीने काम करते, तिला घाई करता येत नाही. कडक कॉफी, लिंबूपाणी, उलटी, तोंडावर थंड पाणी, यातल्या कशानेही ते उतरत नाही. म्हणून स्टिअरिंगवाली ताई म्हणतात ती ‘एक घेऊ’वाली भीती अगदी रास्त आहे. गाडी चालवणाऱ्याने शून्य, थोडीसुद्धा नाही. त्यासाठी पबने त्याला फुकट सोडा दिला तर मी तो खर्च मानतच नाही.

दुसरी गोष्ट, इथली सगळी चर्चा चारचाकीची चाललीय. आमच्याकडे मध्यरात्री येणारे बहुतेक दुचाकीवाले असतात, पबमधले नाही, साध्या परमिट रूममधले, ढाब्यावरचे. दोघे मित्र आपापली बाइक घेऊन बसतात, निघताना दोघेही प्यालेले. तिथे न पिणारा ड्रायव्हर ठरवून काय करणार, तो एका वेळी एकालाच मागे बसवणार आणि दुसरी बाइक तिथेच राहणार. त्यांना फुकट कोल्यापेक्षा जास्त गरज आहे ती रात्रभर बाइक सुरक्षित ठेवायला जागेची. सकाळी बाइक टो झाली असेल किंवा पेट्रोल काढलेलं असेल या धास्तीने लोक चालवत नेतात. हे पेशंट शुद्धीवर आल्यावर स्वतः सांगतात मला, ‘डॉक्टर, गाडी तिथे सोडून कसा येणार होतो.’

म्हापशेकर:

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी म्हापशाचा. आमच्या गोंयात तर हाच मोठा घोळ आहे. पर्यटक येतो, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंटची स्कूटर घेतो, चार मित्र दोन स्कूटरी. कळंगुट, बागा, हणजुणे फिरतात, शॅकवर बसतात आणि रात्री त्याच स्कूटरवरून अंधाऱ्या अरुंद रस्त्याने परत. ओला-उबर इथे नाही, गोवामाइल्स आहे पण रात्री उशिरा आतल्या गावात गाडी मिळेलच असं नाही. कदंबाची बस तर तोवर केव्हाच बंद झालेली असते. मध्यंतरी आमच्या वाहतूकमंत्र्यांनी बारवाल्यांनीच प्यालेल्या गिऱ्हाइकाला टॅक्सी करून द्यावी असं बोलून दाखवलं होतं, त्यावर बारवाले नाराज झाले.

माझ्या काकांचं छोटं बार आहे, गावातलं, टुरिस्टांचं नाही. त्यांची पद्धत सांगतो. गिऱ्हाईक जास्त झालंय असं दिसलं की काका स्कूटरची चावी मागून घेतात आणि मागच्या अंगणात लावतात, सकाळी येऊन न्यायची. ओळखीचे असतात म्हणून देतात. आणि जो बसतो पण पीत नाही त्याला सोलकढीचा किंवा लिंबूसोड्याचा पैसा काका कधीच घेत नाहीत, म्हणतात तो आपलंच काम करतोय. गल्लीतल्या बारला हे परवडतं तर मोठ्या पबला का परवडू नये?

विमाननगरची_रहिवासी:

मी कल्याणीनगरच्या जवळ राहते. १९ मे २०२४ ला पहाटे पोर्शेने त्या दोन तरुण इंजिनिअर मुलांना उडवलं, त्या रस्त्याने मी रोज जाते. तेव्हा अल्पवयीन मुलांना दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक-मॅनेजर अटकेत गेले, काही बार सील झाले, महिनाभर सगळीकडे तपासण्या, नाकाबंद्या. नंतर हळूहळू सगळं सैल पडलं. तात्यांना मला एवढंच विचारायचंय, पबने का काळजी घ्यायची म्हणता, तर त्यांच्या दारातून निघालेला माणूस आमच्या सोसायटीच्या गेटसमोरून गाडी हाकत जातो म्हणून. तो रस्ता आमचाही आहे. दारूतून कमावता ना, मग एक ग्लास सोडा द्यायला काय हरकत आहे? मला तर वाटतं परवान्यात पार्किंगचीही अट हवी, रात्रभर गाडी ठेवायची सोय नसेल तर परवाना नाही.

तात्या_कोथरूड:

तुमचं दुःख समजतं. पबची जबाबदारीच नाही असं मला म्हणायचं नव्हतं. सोडा फुकट द्या, माझा विरोध नाही, फक्त सक्ती झाली की मालक तेवढे पैसे चखण्यात लावणार आणि ते आपल्याच खिशातून जाणार. तेही एक वेळ चालेल. पण डॉक्टरांनी आणि म्हापशेकरांनी सांगितलेला पार्किंगचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय. गल्ल्यावरचा भाऊ, तुमच्याकडे कुणी म्हणालं की गाडी रात्री इथेच राहू दे, सकाळी नेतो, तर काय करता?

गल्ल्यावरचा:

व्हॅलेची जागा भाड्याची असेल तर रात्री दोनला गेट बंद होतं, तिथे ठेवता येत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. पण पब मॉलमध्ये किंवा ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये असेल तर बेसमेंट असतं, सिक्युरिटी चोवीस तास असते, आधी सांगितलं तर एक चिठ्ठी करून देतात, गाडीचा नंबर, मोबाइल नंबर आणि मॅनेजरची सही. लोकांना हे माहीतच नसतं म्हणून कुणी विचारत नाही. बसायच्या आधी विचारा, निघताना नाही, निघताना आमचाही स्टाफ घाईत असतो आणि तुम्हीही.

आणि ताई, पुढच्या वेळी टेबल बुक करतानाच फोनवर सांगा की आमच्यातली एक जण गाडी चालवणार आहे, तिला सोडा-कोला कॉम्प्लिमेंटरी करा. पाच-सहा जणांचं बुकिंग जाऊ द्यायचं नसतं, बहुतेक मॅनेजर हो म्हणतील, तेवढा अधिकार आम्हाला असतो. टेबलावर बसल्यावर मागितलं की ते सिस्टीममध्ये पंच झालेलं असतं, मग काढायला मालकाचा पासवर्ड लागतो.

स्टिअरिंगवाली:

हे फोनवर सांगायचं कधी सुचलंच नव्हतं, थँक्यू भाऊ. पुढच्या शुक्रवारचं बुकिंग करायचंय, उद्याच फोन करते आणि काय म्हणाले ते इथे लिहिते. नाही म्हणाले तर दुसरा पब बघू, ग्रुपला तसं सांगून ठेवलंय आणि यावेळी बिल वाटताना दारूचं आणि जेवणाचं वेगळं करायचं हेही ठरलंय. कलम_वाचणारा, परवान्याच्या अटीसाठी अर्ज करायचा तर तो जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यायचा की थेट आयुक्तांकडे? मसुदा लिहायला बसतेय, विमाननगरच्या ताईंनी सोसायटीतर्फे सही दिली तर फार बरं होईल.